दोन मिलिमीटरांचा झोक

मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९

सकाळी सात वाजून दहा मिनिटे. वर्कशॉपच्या वरच्या खोलीत एकटाच होतो. शेगडीवर कॉफी चढवली आणि ती वर येईपर्यंत इंजिनिअर काराइमान बाईंचे नवे ड्रॉइंग उघडून बसलो. कॉफी उतू गेली. शेगडी अजून पुसलेली नाही.

तिसऱ्या पानावर, तिरकी नळी जिथे गसेट प्लेटला, कोपरा जोडणाऱ्या जाड पत्र्याला, मिळते तिथे, बाईंनी लिहिले आहे — झोक 2t = 30 mm. प्लेट पंधराची. पंधरा दुणे तीस.

t म्हणजे प्लेटची जाडी.

म्हणजे शाळेच्या हॉलच्या ड्रॉइंगवर जे 2t होते तेही हेच होते! तिथे प्लेट बाराची. नळीचे टोक जिथे संपते तिथून पुढे चोवीस मिलिमीटर प्लेट मोकळी सोडायची होती. मी दोन सोडली.

दोन मिलिमीटर. सोळाच्या सोळा प्लेटांवर. हॉल उभा आहे. रंगही लागला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हे कसे झाले ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच स्वतःला काहीतरी वेगळे सांगेन.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. बाईंच्या मूळ ड्रॉइंगवरून मी वर्कशॉपसाठी ड्रॉइंग काढत होतो, त्यावर शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. 'गसेट'मध्ये एक अक्षर जास्त, आणि 'ब्रेसिंग'ला, म्हणजे तिरक्या नळ्यांच्या फुल्यांना, आमच्याकडे जो लांबलचक शब्द आहे त्यातली टोपी, अक्षरावर द्यायची ती खूण, चुकीच्या अक्षरावर. मी दोन्ही सुधारल्या. मला बरे वाटले. एवढ्या मोठ्या इंजिनिअर, याश शहरात ऑफिस, आणि टोपी कुठे द्यायची कळत नाही! मग खाली आले — झोक 2t. वाटले, ही तिसरी चूक. mm लिहिताना बोट घसरले. मी t खोडला आणि mm लिहिले.

एकदाही वाटले नाही की फोन करून विचारावे. कोणाला विचारायची मला लाज वाटते. विचारले की पुढचा प्रश्न येतो, 'तू कुठपर्यंत शिकलास?' दुसऱ्या वर्षापर्यंत. 'पदार्थांचे बल' या विषयात तीनदा नापास झालो आणि घरी आलो. t म्हणजे काय, हे बहुधा चौथ्यांदा शिकवले असते.

आणि झोक, म्हणजे सैल सोडलेली जागा, हा आमच्या भाषेतला शब्द! मुलांच्या खेळाला झोक, लग्नातल्या नाचालाही झोक. पण वर्कशॉपमध्ये झोक म्हणजे शिवी. बिजागरीला झोक आला, मशीनला झोक आला, म्हणजे भंगारात घाला. आमचे वेल्डर नेआ पंडेले एखाद्या सैल सांध्याकडे बघून म्हणतात, "म्हाताऱ्याच्या दातासारखा हलतोय." तेव्हा दोन मिलिमीटर झोक मला अगदी योग्य वाटला. उलट दोन तरी कशाला, असे वाटले होते.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

पुठ्ठ्यावर करून पाहिले. बुटांच्या खोक्याचा कोपरा म्हणजे खांब आणि तुळई. त्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला, ही गसेट प्लेट. तिला शाळेची लाकडी पट्टी चिकटवली, ही तिरकी नळी. एका खोक्यात पट्टीचे टोक अलीकडे थांबवले, दोन बोटे पुठ्ठा मोकळा. दुसऱ्यात पट्टी थेट कोपऱ्यापर्यंत घुसवली, माझ्यासारखी.

मग पट्ट्या मधे धरून बाजूला वाकवल्या. भूकंपात नळी दाबली गेली की अशीच बाजूला फुगते, हे मला आता कळले. पहिल्या खोक्यात पुठ्ठा वहीच्या कव्हरासारखा घडी होऊन वाकला. परत सरळ केला, परत वाकला. वीस वेळा तरी केले असेल. दुसऱ्यात चौथ्या वेळी फाटला. मुळातून फाटला, जिथे चिकटवला होता तिथून.

ती जागा रिकामी नव्हती. तिथे घडी पडायची होती.

आई शिवणाच्या कारखान्यातून आली. टेबलावर खोकी बघून म्हणाली, "हे काय, पक्ष्यांना घर?" मी हो म्हणालो.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

कोणाला सांगितले नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

ताईकडे जेवायला. कोबीच्या पानातले सारमाले, मलई, सगळे नेहमीचे. मला खाववले नाही, म्हणून ताईने कपाळाला हात लावून पाहिला.

तिच्या इलिंकाने जेवणानंतर खुर्च्या सरकवल्या आणि नाच करून दाखवला. आठ मार्चला, आयांच्या दिवशी, शाळेचा कार्यक्रम नव्या हॉलमध्ये आहे. तिच्या वर्गाचा झोक आहे, डोंगराकडचा, टाचा आपटायचा. ती मध्येच थांबून म्हणाली की नाचाच्या बाई सारख्या ओरडतात, गुडघे ताठ ठेवू नका, ताठ ठेवले की पडाल. मग मला विचारले, "मामा, हॉल तू बांधलास ना? मी सगळ्यांना सांगितलंय."

ताई म्हणाली, बांधला नाही गं, त्याने चित्र काढलं. इलिंका म्हणाली, म्हणजे तेच.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आज दुपारी हॉलवर जाऊन आलो. निमित्त काढले, एका बोल्टाची टोपी राहिली आहे म्हणून. टोपी खिशात घेऊन गेलो होतो.

काहीच दिसत नाही. सगळ्या फुल्यांवर जिप्समच्या पाट्या चढल्या, त्यावर पिवळा रंग, त्यावर मुलांनी सूर्यफुले काढली आहेत. त्या पाट्यांच्या मागे काय आहे हे आता फक्त मला माहीत आहे. क्षणभर — हे लिहायलाही लाज वाटते — क्षणभर हायसे वाटले. भिंतीवर हात ठेवला, ती गार होती, आणि मनात आले की असेच राहू शकते. पन्नास वर्षे.

शाळेच्या लेनुत्सा मावशी फरशी पुसत होत्या. मला ओळखतात, आईबरोबर शिवणाला होत्या. म्हणाल्या, चार मार्चला भूकंपाचा सराव आहे, सत्त्याहत्तरच्या मोठ्या भूकंपाची आठवण म्हणून. जुन्या इमारतीतून सगळ्या पोरांना बाहेर काढायचे आणि बाहेर थंडी असली तर इथे आणायचे. "हेडमास्तर म्हणाले, आख्ख्या वस्तीत यापेक्षा मजबूत छप्पर नाही. सराव असो की खरं, पोरं इथंच आणायची."

मी टोपी बोल्टावर बसवून परत आलो. तिथे एक टोपी आधीच होती.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

नेआ पंडेलेंना आडून विचारून पाहिले. समजा, एखाद्याच्या हातून अशी चूक झाली की जी कोणाला दिसत नाही. ते भाकरीवर लसूण घासत होते. वर न बघता म्हणाले, "प्रोफेसर, पोरगी कितव्या महिन्यात आहे?"

सगळे हसले. मीही हसलो. मला इथे प्रोफेसर म्हणतात, कारण मी कपडे बदलायच्या खोलीतल्या पाटीवरचे शुद्धलेखन लाल पेनाने सुधारले होते. पहिल्याच आठवड्यात.

जिन्याच्या भिंतीवर अजून तो फोटो आहे. मालकांनी चौकट करून लावलेला — हॉलचा एक सांधा, नळी प्लेटमध्ये अशी घट्ट बसलेली की केसही शिरणार नाही. ओप्रिशान मालक गिऱ्हाइकांना जिन्यात थांबवून दाखवतात, "बघा, आमच्याकडे झोक नाही!" ऑक्टोबरमध्ये त्यासाठी मला बक्षीस मिळाले होते. त्यातून आईला बूट घेतले. ती ते रोज घालते.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

आज हलले.

दुपारी घरी जेवायला आलो होतो. आधी कपबशा किणकिणल्या, मग सोफा कोणीतरी लाथाडल्यासारखा सरकला. आईने सवयीने झुंबराकडे पाहिले. ते किती हलते त्यावरून ती आकडा सांगते. "साडेतीन," ती म्हणाली. "फार तर चार." थांबल्यावर सगळा जिना, म्हणजे आमच्या जिन्यावरची सगळी बिऱ्हाडे, बाहेर आला. वरच्या मजल्यावरचे पोपेस्क्यू आजोबा, चार पूर्णांक दोन, बिअरची पैज! खालच्या बाई, छे, माझे तर मांजरसुद्धा उठले नाही. बातम्यांत आकडा आला आणि आजोबा जिंकले. लोक हसत आत गेले.

चारने काही होत नाही हे मला माहीत आहे. चारने नळी फुगतही नाही. तरीही मी त्या वेळी झुंबराकडे पाहिले नव्हते. घड्याळाकडे पाहिले. दोन वाजायला दहा मिनिटे. नव्या हॉलमध्ये पाचवी-सहावीचा खेळाचा तास.

शुक्रवार, १ मार्च

आज मार्त्सिशोर, वसंत आल्याचा सण. सकाळी बाजारातून लाल-पांढऱ्या दोऱ्याची पाच पदके घेतली — आई, ताई, इलिंका, हिशेबाच्या बाई आणि एक काराइमान बाईंना, कारण त्या नव्या कामासाठी वर्कशॉपला येणार होत्या. आमच्या गावात या सणाचा घोळ आहे. नदीच्या अलीकडचे लोक म्हणतात, पुरुषांनी बायकांना द्यायचे. पलीकडचे, याशकडचे म्हणतात, बायकांनी पुरुषांना. गाव दोन्हीकडे असल्याने आमच्याकडे सगळेच सगळ्यांना देतात.

बाई आल्या. उंच, करडे केस, चष्मा दोरीला बांधलेला. मी आजवर त्यांना फोनवरच ऐकले होते. मी त्यांना पदक दिले. त्यांनी लगेच कोटाला लावले आणि पर्समधून स्वतःचे काढले, "हे तुझं. आमच्याकडची रीत." आणि माझ्या शर्टाला, डावीकडे, स्वतःच्या हाताने टाचणीने लावले.

मग म्हणाल्या, "तुझं काम स्वच्छ असतं. मला परत तपासावं लागत नाही." आणि शरदात विद्यापीठाचा अर्ज पुन्हा भर म्हणाल्या. राहिलेला विषय परत देता येतो, शिफारशीचे पत्र त्या देतील. "एका विषयासाठी आयुष्य अडवून ठेवू नये."

मालक त्यांना जिन्यातला फोटो दाखवायला घेऊन गेले. मी वरून पाहिले. त्या फोटोसमोर थांबल्या, चष्मा लावला. आता दिसेल, आता दिसेल. देवा, दिसू दे. त्या म्हणाल्या, "वेल्ड सुंदर आहे," आणि खाली उतरल्या.

वेल्ड खरेच सुंदर आहे. पंडेलेंचे आहे.

घरी येऊन पदक काढले. खणात ठेवले. महिनाभर घालायचे असते.

रविवार, ३ मार्च

आज मेल लिहायचा ठरवून बसलो. सकाळच्या चर्चच्या घंटेपासून अंधार पडेपर्यंत.

आठ वेळा लिहिला. पहिल्यात 'कदाचित गैरसमज झाला असावा' असे होते. खोडले. गैरसमज कोणाचा? दुसऱ्यात 'आपल्या ड्रॉइंगवर थोडी संदिग्धता होती.' हे लिहिले आणि वाचून कान तापले. बाईंच्या अंगावर ढकलत होतो! चौथा चांगला झाला होता. मग लक्षात आले की मी अर्धा तास त्यात स्वल्पविराम हलवतो आहे. एका वाक्यात क्रियापद आधी घ्यावे की नंतर. मुले भिंतीखाली आणि मी स्वल्पविराम हलवतोय!

पाठवला नाही.

आणि एक गोष्ट आजच लक्षात आली. माझ्या ड्रॉइंगवर त्यांची सही आहे. सप्टेंबरमध्ये मी पाठवले, त्यांनी 'मान्य' लिहून परत पाठवले. म्हणजे मी बोललो की त्याही जातील. गप्प राहायला हे कारण किती छान मिळाले! त्यांना वाचवतो आहे असे स्वतःला सांगून झोपता येईल.

सोमवार, ४ मार्च

सांगितले.

दहाला भोंगा झाला. वर्कशॉपपर्यंत ऐकू येतो, शाळा दोन गल्ल्या पलीकडे. बाहेर पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होते. म्हणजे मुलांना हॉलमध्ये नेणार. खाली पंडेलेंनी ग्राइंडर बंद केला. दरवर्षी या वेळी करतात. त्यांचा भाऊ सत्त्याहत्तरला बुखारेस्टमध्ये गेला. टोपी काढून उभे होते. मीही खाली गेलो होतो, उभा राहिलो, आणि मला उभे राहवेना.

ऑक्सिजनच्या नळकांड्यांच्या मागे जाऊन फोन लावला. बाईंनी उचलला. मी सगळे एका दमात बोललो. त्यांना काहीच कळले नसणार.

"हळू," त्या म्हणाल्या. "प्लेट केवढी?"

"बाराची."

"आणि टोकापुढे जागा?"

"दोन."

"दोन काय?"

"मिलिमीटर."

मागे त्यांच्या ऑफिसात कोणीतरी ड्रॉइंग छापायचे मशीन चालू केले, ते ऐकू येत होते.

"मी ते पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन दिसलं, आणि पुढचं माझं मीच वाचलं."

मी म्हणालो, चूक माझी आहे, t मी खोडला. त्या म्हणाल्या, "सही माझी आहे. रडू नकोस, मला मोजमापं हवीत. किती प्लेटा?"

"सोळा."

"मुलं आत आहेत?"

"सरावाला आहेत. अजून."

"मी हेडमास्तरांना लावते. आज बाहेर पडली की परत आत नाहीत." मग विचारले, "तुझ्या कधी लक्षात आलं?"

मी म्हणालो, "आज सकाळी."

का म्हणालो? ठरवले नव्हते. तोंडातून आले. एवढे सगळे खरे बोललो आणि शेवटचा एक शब्द असा. "बरं केलंस, लगेच फोन केलास ते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मंगळवार, ५ मार्च

मालकांनी सगळ्यांसमोर बोलावले. आधी माझे ड्रॉइंग टेबलावर पसरले आणि दोन मिलिमीटरवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "मी तुला नकाशे काढायला ठेवला होता. शुद्धलेखन तपासायला नाही. भाषेचा मास्तर हवा असता तर शाळेतूनच आणला असता. निदान तो पोरांवर छप्पर पाडत नाही."

कोणी हसले नाही.

नव्या प्लेटांचा निम्मा खर्च माझ्या पगारातून. काढून टाकले असते तर बरे झाले असते, पण म्हणाले, "तुला काढलं तर ती कापाकापी कोण मोजून देणार?"

जिन्यात फोटोच्या जागी फिकट चौकोन आहे. सगळे त्याच्याकडे बघून जातात.

बुधवार, ६ मार्च

हॉलमध्ये काम सुरू. बाई स्वतः आल्या आहेत. सूर्यफुलांच्या पाट्या काढल्या. एका वेळी एकच फुली सोडवायची, बाजूला तात्पुरता आधार लावायचा, जुनी प्लेट कापायची, नवी मोठी लावायची, नळीचे टोक मागे घ्यायचे. म्हणजे मग घडीला जागा. प्रत्येक नव्या प्लेटवर घडी कुठे पडणार ती रेघ मी खडूने मारतो. चोवीस. बाई मागे उभ्या राहून बघतात. एकदाही टेप माझ्या हातातून घेतला नाही. घेतला असता तर बरे वाटले असते.

पंडेले ग्राइंडरमधून ठिणग्या उडवत म्हणाले, "प्रोफेसर, तू शिंपी व्हायला हवं होतंस. टाका उसवायला कात्री पुरते." मग थोड्या वेळाने, मशीन बंद करून, हळू: "मलाही तो सांधा आवडला होता, लेकरा. फोटो माझ्या बायकोने फ्रिजवर लावलाय. आज काढायला सांगतो."

जिल्ह्याचे तपासनीस आले. बाईंनी त्यांना सगळे सांगितले, स्वतःची सही दाखवली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "या मुलाला ज्या सकाळी कळलं, त्याच सकाळी त्याने फोन केला. हे लिहून घ्या." तपासनिसांनी लिहून घेतले.

मी खडू हातात धरून उभा होतो. खडू मोडला.

शुक्रवार, ८ मार्च

कार्यक्रम शाळेच्या जेवणघरात झाला. जागा इतकी कमी की इलिंकाच्या वर्गाने टेबलांच्या मधल्या बोळातून झोक केला. एक मुलगा सूपच्या पातेल्यावर आदळला. इलिंकाने मला पाहिले आणि तोंड फिरवले. नाचताना तिचे गुडघे मात्र छान वाकत होते.

आईला हिमफुले नेली. तिने पाण्यात ठेवली. मग खुर्चीवर बसून म्हणाली, "मी सगळ्या जिन्याला सांगितलं होतं, हॉल माझ्या तिबीने काढला म्हणून. आता परत सगळ्या जिन्याला सांगत बसावं लागणार." मी म्हणालो, सांगू नकोस. ती म्हणाली, "लेनुत्साला माहीत आहे म्हणजे जिन्याला माहीत आहे. मी आधी सांगितलं तर निदान ते माझं सांगणं होईल."

संध्याकाळी ती मजल्यामजल्यावर गेली. दारे उघडल्याचे ऐकू येत होते. तिने तेच बूट घातले होते.

सोमवार, ११ मार्च

ईस्टरच्या आधीचे उपास सुरू झाले. नऊ प्लेटा झाल्या.

बुधवार, १३ मार्च

बाईंनी आज दुपारी, मी रेघ मारत असताना, सहज सांगितले की त्यांच्या परवान्याची चौकशी लागली आहे. बहुधा समज देऊन सोडतील. तपासनिसांना ते वाक्य आवडले, 'त्याच सकाळी.' म्हणाल्या, "तुझ्यामुळे माझीही जरा लाज राहिली."

मी पुढची रेघ मारली. आजही खरे सांगितले नाही.

गुरुवार, १४ मार्च

बाईंचा फोन, सकाळी नऊच्या आधी. त्यांनी गेल्या दहा वर्षांतली आपली जुनी कामे काढली, जिथे जिथे 2t नुसते लिहिले होते ती. सगळ्या वर्कशॉपना एकच प्रश्न पाठवला — मोजून सांगा. एका ठिकाणाहून काल उत्तर आले. शेजारच्या जिल्ह्यातल्या इस्पितळाचा वरचा मजला. बाळंतिणींचा विभाग. तिथेही दोन मिलिमीटर.

वाटले होते, असा दुसरा कोणी असेल तर मला बरे वाटेल. नाही वाटले.

ड्रॉइंग काढणारा पदवीधर आहे. त्याला दोन वर्षांपूर्वीच कळले होते. बाई म्हणाल्या, "दोन वर्षं, तिबी. वर माणसं झोपलेली. उद्या चल माझ्याबरोबर. त्याच्यासमोर तुला उभं करायचंय. एकाला त्याच दिवशी सांगता येतं हे त्याने बघावं."

मी म्हणालो, "बाई, मला बारा फेब्रुवारीला कळलं होतं."

त्या म्हणाल्या, "मध्ये एक मार्च होता."

"हो."

"मी तुला पदक लावलं त्या दिवशी तुला माहीत होतं."

"हो."

मला वाटले फोन ठेवला.

"बस सहाची आहे," बाई म्हणाल्या. "स्टँडवर थांबते. आधी आपण दोघं तपासनिसांकडे जाऊ, ते वाक्य खोडायला. मग इस्पितळात. आता तर तुला यायलाच हवं. तो का गप्प बसला, ते मला नाही कळणार. तुला कळेल."

आज खर्च: बसचे तिकीट, फक्त जाण्याचे, २२ लेइ. खडूची पेटी, ४ लेइ. मालकांचे देणे पगारातून सुरू आहे. बाईंचे अजून काही फेडलेले नाही.